शंभर वर्षांची पदके आणि एक हरवलेले नाव

आपल्या सिनेगॉगच्या स्मरणिकेसाठी काही तरी लिहून द्यावे असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा आम्ही उभयतां एकमेकांच्या तोंडाकडे पाहतच राहिलो. आमचे सारे आयुष्य रुग्णालयाच्या वॉर्डात गेले आणि ह्यांचे कारखान्यात. लिहिण्याचा सराव म्हटला तर आम्हांला रात्रपाळीचा रिपोर्ट लिहिण्याचा, आणि ह्यांना ड्रॉइंगवर मापे लिहिण्याचा. पण निरोप आणणाऱ्या बाई आमच्या घरी येऊन गेलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या पत्र्याच्या डब्याविषयी लिहा ना." तेव्हा हा लेख त्या डब्याविषयी आहे.

डबा बिस्किटांचा आहे. त्यात अमेरिकेच्या स्वातंत्र्याला १८७६ साली शंभर वर्षे झाली त्या सोहळ्याची पदके, बिल्ले व टोकने आहेत. संख्या साठाच्या आसपास. मोठ्या संग्राहकांपुढे आमचा संग्रह म्हणजे समुद्रापुढे ओंजळ. सगळ्यांची किंमत एकत्र केली तरी एक जुनी मोटार येणार नाही. तरीपण जवळजवळ चाळीस वर्षे आम्ही ती गोळा करीत आलो, त्याला कारण घडले ते असे.

आम्ही मुंबईत नर्सिंगचा डिप्लोमा घेतला आणि लग्नानंतर दोन वर्षांनी, १९८६च्या जानेवारीत, फिलाडेल्फियाला आलो. बरोबर दोन सूटकेसेस, लोणच्याची एक बरणी आणि सासूबाईंनी दिलेले सिद्दूर. बर्फ पहिल्यांदा पाहिला तो विमानतळाबाहेर. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याला शंभर वर्षे होत होती. जुलैच्या पहिल्या आठवड्यात चार दिवस मोठा उत्सव झाला. आम्ही तो वॉर्डातल्या टी.व्ही.वर, रुग्णांना औषधे देता देता पाहिला. त्या निमित्ताने सरकारी टांकसाळीने तीन नाणी काढली होती : पाच डॉलरचे सोन्याचे, एक डॉलरचे चांदीचे आणि अर्ध्या डॉलरचे साध्या धातूचे. प्रत्येक नाण्यावर ठराविक जादा रक्कम घेत, सोन्याच्या नाण्यावर ३५ डॉलर, चांदीच्यावर ७ आणि अर्ध्या डॉलरवर २. तो पैसा पुतळ्याच्या व एलिस बेटाच्या दुरुस्तीसाठी होता आणि तो आठ कोटी डॉलरांच्या वर जमला. आमच्या आवाक्यातले होते ते अर्ध्या डॉलरचे. त्याच्या मागच्या बाजूस एक स्थलांतरित कुटुंब आपल्या सामानसुमानासह अमेरिकेच्या उंबरठ्यावर उभे आहे असे चित्र आहे. ते पाहून हे म्हणाले, "घ्या, आपला फोटो काढला की!" हीच आमच्या डब्यातली पहिली वस्तू. लोणच्याची बरणी मात्र त्या चित्रात नाही.

त्या पुतळ्याची हकीकत वाचू लागलो तेव्हा दोन गोष्टी समजल्या, आणि दोन्हींत आपली माणसे भेटली. पुतळा फ्रान्सने दिला, पण त्याखालचा चौथरा अमेरिकेने बांधायचा होता आणि त्याला पैसा मिळेना. तेव्हा १८८५ साली हंगेरीत जन्मलेले यहुदी गृहस्थ जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या 'द वर्ल्ड' या वर्तमानपत्रातून वर्गणी मागितली. जो देईल त्याचे नाव पत्रात छापू, मग रक्कम कितीही लहान असो, असे त्यांनी जाहीर केले. पाचएक महिन्यांत १,२०,००० हून अधिक लोकांनी मिळून एक लाखाच्या वर डॉलर दिले. त्यांतले बहुतेक एका डॉलरच्या आत देणारे होते. आपल्या सिनेगॉगच्या भिंतीवर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी असते ना, तसाच हा प्रकार, फक्त कागदावर. दुसरी व्यक्ती म्हणजे कवयित्री एमा लॅझरस. न्यूयॉर्कच्या जुन्या सेफार्दी घराण्यातील ही बाई. तिने १८८३ साली याच चौथऱ्याच्या निधीसाठी एक सुनीत लिहून दिले. १८८७ साली, वयाच्या ३८व्या वर्षी, ती वारली. तिच्या हयातीत त्या कवितेचा फारसा गवगवा झाला नाही. १९०३ साली तिच्या एका मैत्रिणीच्या खटपटीने ती ब्राँझच्या पाटीवर चौथऱ्यात बसविली गेली, आणि १९८६च्या चांदीच्या डॉलरवर तिचे शब्द आले.

पण आमच्या दृष्टीने खरी गंमत निराळीच होती. हा पुतळा पुरा होण्यापूर्वी दहा वर्षे, त्याचा मशाल धरलेला हात तेवढा आमच्याच गावात येऊन गेला होता! १८७६च्या फिलाडेल्फियातील शतसांवत्सरिक प्रदर्शनात तो हात ऑगस्ट महिन्यात उभा करण्यात आला. लोक पैसे भरून शिडीने मशालीभोवतीच्या सज्जात चढत. पुढे तो न्यूयॉर्कला मॅडिसन चौकात नेला आणि १८८२पर्यंत तिथे ठेवला. ज्या फेअरमाउंट पार्कजवळून आमची बस रोज जाई, तिथेच हे सर्व घडले होते, आणि आम्हांला त्याचा पत्ता नव्हता. तेव्हापासून १८७६चे वेड लागले.

वाचकांस थोडी कल्पना यावी म्हणून सांगतो. १० मे १८७६ रोजी अध्यक्ष ग्रँट आणि ब्राझीलचे सम्राट दुसरे पेद्रो या दोघांनी मिळून कॉर्लिसचे अवाढव्य वाफेचे एंजिन चालू केले व प्रदर्शन उघडले. यंत्रशाळेतली सारी यंत्रे त्या एका एंजिनावर चालत. १० नोव्हेंबरला ते बंद झाले. या सहा महिन्यांत एक कोटीच्या जवळपास माणसे फाटकातून आत गेली. त्या वेळी साऱ्या देशाची वस्ती साडेचार कोटींच्या आसपास होती, म्हणजे मेळा केवढा ते समजावे. प्रवेशाला ५० सेंट. ग्रॅहॅम बेल यांचा टेलिफोन लोकांनी इथे प्रथम पाहिला. घरी परतताना प्रत्येकाला काही तरी आठवण हवी, आणि मोठी वस्तू न परवडणाऱ्याला एक पदक पुरे. म्हणून ठसे खोदणाऱ्यांची त्या वर्षी चंगळ झाली. सरकारी टांकसाळीपासून गल्लीतल्या कारागिरापर्यंत सगळ्यांनी पदके पाडली.

आम्हांला मिळालेले पहिले पदक न्यू जर्सीतल्या एका फ्ली मार्केटमधले. आपल्या चोर बाजाराचे हे गोरे भावंड. १९८७च्या वसंतात एका म्हाताऱ्या विक्रेत्याच्या सिगारच्या खोक्यात ते बटणांबरोबर पडले होते. कथिलासारख्या पांढऱ्या धातूचे, वजनाने हलके, वर भोक पाडलेले. किंमत २ डॉलर. एका बाजूस फिलाडेल्फियाचे स्वातंत्र्य सभागृह आणि दुसऱ्या बाजूस स्वातंत्र्याची घंटा. घंटेभोवतीची अक्षरे झिजली होती. हातातले भिंग धरून वाचू लागलो आणि अंगावर काटा आला. ते तर आपल्या तोरातले वचन! वायिक्राच्या २५व्या अध्यायातले १०वे, योबेलच्या वर्षी देशातील सर्व रहिवाशांना मुक्ती जाहीर करण्याची आज्ञा आहे ते. पेन्सिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने १७५१ साली लंडनला घंटा करावयास सांगितली तेव्हा तिच्यावर हे वचन कोरून मागविले. विल्यम पेन यांनी दिलेल्या हक्कांच्या सनदेला त्या वर्षी पन्नास वर्षे होत होती, आणि योबेल पन्नासाव्या वर्षीच येतो. तिला स्वातंत्र्याची घंटा हे नाव मात्र पुढे १८३०च्या दशकात गुलामगिरीविरुद्ध झगडणाऱ्यांनी दिले. त्यांनी ते वचन नीट वाचले होते. सर्व रहिवाशांना म्हणजे सर्वांना.

भोक पाडलेली पदके संग्राहक कमी प्रतीची मानतात. आम्हांला तीच अधिक आवडतात. भोक पाडले म्हणजे कुणी तरी रिबीन ओवून ते छातीवर मिरविले. पेटीत ठेवलेल्या वस्तूपेक्षा अंगावर घातलेली वस्तू अधिक बोलते. मंगळसूत्राचे मणी झिजतात तसे.

सरकारी पदकांची हकीकत अशी. काँग्रेसने जून १८७४मध्ये कायदा करून फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत शतसांवत्सरिक पदके पाडण्याची परवानगी दिली. प्रदर्शनाच्या अर्थमंडळाला ती विकून पैसा उभारायचा होता. ठसे केले टांकसाळीचे मुख्य खोदकाम करणारे विल्यम बार्बर यांनी. लहान पदक ३८ मिलिमीटरचे, म्हणजे चांदीच्या डॉलरएवढे, आणि मोठे साधारण ५७ मिलिमीटरचे. लहान पदकावर एक स्त्री गुडघ्यावरून उठत आहे, उजव्या हातात तलवार, डावा हात आकाशातील तेरा ताऱ्यांकडे. खाली १७७६. दुसऱ्या बाजूस स्वातंत्र्यदेवी कला आणि विज्ञान यांना मुकुट घालीत आहे, खाली १८७६, आणि कायद्याचा उल्लेखही. ते चांदीत, ब्राँझमध्ये आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या ब्राँझमध्ये निघाले. संग्राहक अशा पदकांना 'तथाकथित डॉलर' म्हणतात : आकाराने डॉलर, पण चलनात नाही. त्यांची पहिली मोठी यादी हिबलर व कॅपेन या दोघांनी १९६३ साली प्रसिद्ध केली. आमच्या प्रतीची बांधणी केव्हाच सुटली आहे, आता ती रबर बँडने बांधून ठेवतो.

मुलामा दिलेले पदक आमच्याकडे १९९१ साली आले, आणि त्याची वाट आम्हीच लावली. ते थोडे काळवंडले होते. पेसाख जवळ आला होता, घरातली पितळी भांडी घासायला काढली होती, चिंच भिजत होती. भांड्यांबरोबर त्यालाही चिंचेचा हात दिला आणि वरून चिमूटभर राख. धुऊन पाहतो तो सोने उडालेले आणि खालचे ब्राँझ गुलाबी पडलेले. हे संध्याकाळी घरी आले, पदक हातात घेतले, उजेडात फिरविले आणि काही न बोलता परत ठेवले. पुढे दोन दिवस फक्त 'हो' आणि 'नको'. जखमेवरची खपली ओढून काढू नये हे आम्ही शेकडो रुग्णांना सांगितले असेल. धातूवर वर्षानुवर्षे चढलेला रंग ही त्याची खपलीच, किंबहुना कातडीच. ती काढली की खालचे पुन्हा पूर्वीसारखे होत नाही. म्हणून सांगतो, आपल्या घरातील जुन्या नाण्यांना वा पदकांना चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये. हात धुऊन, कोरडे करून, फक्त कडेने धरावे. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नये, काही प्लॅस्टिक कालांतराने चिकट होऊन धातूला खाते. जाड कागदाची पाकिटे बरी.

ते गुलाबी पदक अजून डब्यात आहे. हे त्याला 'पेसाखचे पदक' म्हणतात.

ह्यांचा धंदा ठसे आणि साचे करण्याचा, त्यामुळे आम्ही चित्र पाहतो तेव्हा हे कड पाहतात. ठसा पोलादाचा, उलटा खोदलेला, नंतर पाणी देऊन कडक केलेला. दोन ठशांमध्ये धातूची चकती ठेवून दाब दिला की दोन्ही बाजू एकदम उठतात. ब्राँझला दाब अधिक लागतो, कथिलमिश्रित पांढऱ्या धातूला कमी. म्हणून गल्लीतले कारागीर पांढरा धातू वापरीत. ठसा लवकर झिजत नसे आणि माल स्वस्त पडे. पण तो धातू मऊ, खिशातल्या किल्लीनेही ओरखडतो. काही पदके तर दाबलेल्या लाकडाची आहेत, त्यांवर प्रदर्शनाच्या इमारती. आमच्याकडच्या लाकडी पदकाला १५० वर्षांनंतर चीर पडली आहे, पण इमारतीच्या खिडक्या मोजता येतात. नेवाडा राज्याचे पदक आम्हांला कधी परवडले नाही, पण एका प्रदर्शनात हातात घ्यावयास मिळाले. त्या राज्याने आपल्या खाणीतील दगड फिलाडेल्फियाला आणून, प्रदर्शनाच्या आवारातच दळून, त्यातून काढलेल्या चांदीची पदके केली होती आणि तसे त्यावर लिहिलेही आहे.

फसलोही. १९९४ साली एका विक्रेत्याने १७७६चा खरा 'काँटिनेंटल डॉलर' म्हणून एक पदक आम्हांस ४० डॉलरला दिले. एका बाजूस सूर्यघड्याळ व आपले काम पाहा असा इंग्रजी बोध, दुसऱ्या बाजूस तेरा कड्यांची साखळी. खऱ्याची किंमत हजारोंत असते हे ठाऊक असूनही मोह झाला. घरी येऊन पाहिले तर नक्कल. पुढे कळले की या नकलेलाही वंशावळ आहे. माँट्रोव्हिल डिकसन नावाचे फिलाडेल्फियाचे एक डॉक्टर होते, उत्खननाचा नाद असलेले. त्यांनी १८७६च्या सोहळ्यासाठी या जुन्या नाण्याचे ठसे नव्याने करविले. ते ठसे हातोहात फिरत राहिले आणि १९६०च्या दशकाच्या आरंभी त्यांवरून पुन्हा पदके पाडली गेली. म्हणजे नकलेची नक्कल! डॉक्टरांच्या हातची १८७६ची असती तर तिलाही आज चांगला भाव आहे. आमची त्या नंतरची निघाली. डॉक्टरांची अक्षरे वाचण्यात आम्ही जन्म काढला, पण हे अक्षर वाचता आले नाही.

एवढी पदके पाहिल्यावर एक गोष्ट हळूहळू लक्षात येते. पदकावर देश स्वतःविषयी जे ऐकू इच्छितो तेच असते. बाईचे चित्र जवळपास प्रत्येक पदकावर आहे : स्वातंत्र्य बाई, अमेरिका बाई, कला बाई. पण खऱ्या बायकांचे काय झाले? एलिझाबेथ गिलेस्पी या बेंजामिन फ्रँकलिन यांच्या पणतीने देशभर बायकांच्या समित्या उभारून प्रदर्शनासाठी पैसा जमविला. आणि मुख्य इमारतीत बायकांच्या कामाला जागा नाही असे त्यांना आयत्या वेळी सांगण्यात आले. त्यांनी स्वतः पैसे उभारून वेगळे महिला दालन बांधले. तिथले वाफेचे एंजिनही एमा ॲलिसन नावाची बाईच चालवी. ४ जुलैला स्वातंत्र्य सभागृहापाशी मुख्य समारंभ चालू असताना सुझन अँथनी आणि त्यांच्या सहकारी मधेच पुढे झाल्या, स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा व्यासपीठावर देऊन आल्या आणि बाहेर चौकात तो मोठ्याने वाचला. फ्रेडरिक डग्लस हे गुलामगिरीतून सुटलेले थोर वक्ते. त्यांना उद्घाटनाला व्यासपीठावर बसण्याचे निमंत्रण होते, पण पोलिसांनी त्यांना अडविले. एका सिनेटरने ओळख पटविली तेव्हा कोठे आत सोडले, आणि बोलावयास सांगितले नाहीच. घंटेवरचे ते 'सर्व रहिवासी' त्या दिवशी फाटकाबाहेर ताटकळत होते.

आणखी एक गोष्ट नर्स म्हणून सांगितल्यावाचून राहवत नाही, जरी तिचे पदक आम्हांला कोठे आढळले नाही. टॉमस इकिन्स यांनी डॉ. सॅम्युएल ग्रॉस यांचे शस्त्रक्रिया करतानाचे भव्य चित्र प्रदर्शनासाठी काढले होते. कलादालनाच्या परीक्षकांना त्यातले रक्त पाहवेना. त्यांनी ते नाकारले आणि चित्र लागले कोठे, तर सैन्याच्या नमुना रुग्णालयात! चित्रात डॉक्टर काळ्या कोटात आहेत, हात उघडे. त्याच सप्टेंबरात फिलाडेल्फियात आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषद भरली. अध्यक्ष हेच डॉ. ग्रॉस. तिथे स्कॉटलंडहून आलेल्या जोसेफ लिस्टर यांनी जखम व हत्यारे जंतुरहित ठेवण्याची पद्धत समजावून दिली. बहुतेकांनी ऐकून घेतले आणि सोडून दिले. पाच वर्षांनी अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, डॉक्टरांनी न धुतलेल्या बोटांनी जखम चाचपली आणि ते अडीच महिन्यांनी दगावले. शंभर वर्षांच्या उत्सवातली सर्वांत मोलाची वस्तू एका व्याख्यानात होती आणि ती कुणी घरी नेली नाही.

आता आपल्या लोकांविषयी. अमेरिकेतील यहुदी लोकांनी त्या वर्षी पदकाऐवजी पुतळा दिला. बनाइ बरिथ या संस्थेने वर्गणी जमवून 'धर्मस्वातंत्र्य' नावाचा संगमरवरी पुतळा करवून राष्ट्राला अर्पण केला. शिल्पकार मोझेस इझिकेल. हे आडनाव वाचून आम्हांस वाटले, हे तर आपल्याकडचेच कुणी! पण ते रिचमंडचे. पुतळा त्यांनी रोममध्ये घडविला : तेरा ताऱ्यांची टोपी घातलेली स्वातंत्र्यदेवी, तिच्याजवळ ज्योत धरलेला बालक म्हणजे श्रद्धा, आणि पायाशी असहिष्णुतेच्या सापाला चिरडणारा गरुड. पैसा वेळेवर न जमल्याने पुतळा उशिरा आला. प्रदर्शन बंद झाल्यावर वीस दिवसांनी, ३० नोव्हेंबरच्या थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, त्याचे अनावरण झाले. आपल्या कार्यक्रमांना उशीर होतो म्हणून आपण हळहळतो, पण ही परंपरा जुनी दिसते. मात्र याच शिल्पकाराने तरुणपणी, १८६४ साली, गुलामगिरी टिकविण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने युद्धात भाग घेतला होता, हेही त्याच माणसाच्या चरित्रात आहे. आर्लिंग्टनच्या दफनभूमीतील त्याचे दक्षिणेचे स्मारक २०२३च्या डिसेंबरात हलविण्यात आले. धर्मस्वातंत्र्याचा पुतळा आता फिलाडेल्फियात फिफ्थ व मार्केट या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, अमेरिकन यहुदी इतिहासाच्या संग्रहालयाबाहेर उभा आहे, घंटेपासून चार पावलांवर. निवृत्त झाल्यापासून आम्ही तिकडे वरचेवर जातो. नातवंडांना मात्र फेअरमाउंट पार्कातले मेमोरियल हॉल अधिक आवडते. १८७६च्या मोठ्या इमारतींपैकी ते उरले आहे आणि २००८पासून त्यात मुलांचे संग्रहालय आहे. तिथे साऱ्या प्रदर्शनाची छोटी प्रतिकृती काचेखाली मांडलेली आहे. तीत तो मशालीचा हात शोधण्याची आमच्यात शर्यत लागते.

हे सर्व जमविता जमविता मनात एक तुलना येतच राहते. फिलाडेल्फियात शंभर वर्षांच्या स्वातंत्र्याची पदके विकली जात होती त्याच वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटने व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब देण्याचा कायदा केला. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीला दरबार भरला आणि त्याचेही पदक निघाले, सोन्याचे व चांदीचे, मागे इंग्रजी, फारसी व नागरी अक्षरांत तो किताब. आणि तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात, दख्खनमध्ये, १८७६ ते १८७८चा भयंकर दुष्काळ चालू होता. त्याचे पदक कोण काढणार?

आमच्या माहेरीही एक पदक होते, आणि इतका वेळ डब्याविषयी लिहिताना खरे तर तेच मनात आहे. आईच्या पणजोबांनी कुलाबा जिल्ह्यातले गाव सोडून मुंबई सैन्यात नाव घातले. आपल्या बेने इस्राएल घराण्यांपैकी पुष्कळांचे पूर्वज त्या सैन्यात होते आणि हवालदार, जमादार, सुभेदार झाले हे वाचक जाणतातच. मुंबईहून १८६७ साली निघालेल्या अबिसिनियाच्या मोहिमेवर ते गेले. एप्रिल १८६८मध्ये मगदला पडले, फौज परत आली आणि त्यांना चांदीचे पदक मिळाले. आजी ते सणाच्या दिवशी ट्रंकेतून काढून दाखवी. त्या पदकाचे वैशिष्ट्य असे की इतर पदकांवर शिपायाचे नाव कडेवर बारीक अक्षरांत असे, यावर ते मागच्या बाजूस मधोमध. आजीला इंग्रजी वाचता येत नव्हते. ती बोट फिरवून सांगे, "हे त्यांचे नाव."

१९६४ साली धाकटे मामा इस्राएलला जावयास निघाले. घरात पैसा नव्हता. ट्रंकेतली चांदी झवेरी बाजारात गेली, तीत हे पदकही गेले. वजनावर. सराफाने किती दिले हे कुणाला आठवत नाही, मामा मात्र सुखरूप पोचले आणि बीरशेव्यात त्यांचा संसार झाला. आजीने त्याविषयी कधी वाईट शब्द काढला नाही. आम्ही तेव्हा पाच वर्षांच्या होतो. आमचे बोट त्या अक्षरांवरून फिरलेले आम्हांला आठवते, पण अक्षरे आठवत नाहीत. पलटणीचा आकडा कोणता, हुद्दा कोणता, नावाचे इंग्रजी स्पेलिंग साहेबाने कसे केले होते, काहीच नाही.

आमच्या डब्यातल्या साठ पदकांवर जॉर्ज वॉशिंग्टन आहे, घंटा आहे, देवी आहेत, पण ज्याने ते विकत घेतले त्याचे नाव नाही. फक्त एकाच्या, भोक पाडलेल्या त्या पहिल्या पदकाच्या कडेजवळ सुईने ओरखडून 'मेरी' असे चार इंग्रजी अक्षरांत लिहिले आहे. ते आम्हांला चार वर्षांनी, भिंगाखाली दिसले. कुणी पोर असावी. आता त्या पदकाला आम्ही घरात मेरीचे पदक म्हणतो. इतर प्रत्येक पदकाबरोबर आम्ही एक चिठ्ठी ठेवली आहे : कधी घेतले, कुणाकडून, किती डॉलरला, त्या दिवशी काय घडले. आमच्या मागे मुले ते विकतील तर खुशाल विकोत, पण चिठ्ठीसकट.

अबिसिनियाच्या पदकांचे लिलाव अजून होतात. लंडनच्या यादीत एखादे मुंबई पलटणीचे दिसले की हे भिंग आणून देतात. मागच्या बाजूचे नाव आपल्याकडचे आहे का, मोशे, शलोमो, अब्राहाम, असे काही दिसते का, ते आम्ही पाहतो. आजवर दिसलेले नाही. सराफाने ते वितळविले असेलही. पण चांगली वस्तू पाहून बाजूला ठेवणारे सराफही असतात.

तरी वाचकांस विनंती. ही स्मरणिका इस्राएल, इंग्लंड, कॅनडा, जेथे जेथे आपली माणसे आहेत तेथे जाईल. आपल्या घरात, ट्रंकेत, आजोबांच्या कागदांत असे पदक असल्यास कृपया एकदा उलटून पाहावे. ते चांदीचे, जुन्या रुपयाहून किंचित मोठे आहे. वर मुकुट व कडी. पुढल्या बाजूस मधोमध राणीचा लहानसा चेहरा, त्याभोवती नऊ टोकांची चांदणी, आणि टोकांच्या मधे मधे अबिसिनिया या शब्दाची इंग्रजी अक्षरे एकेक करून. मागे पानांचा वेल, आत नाव. ते नाव आमच्या पूर्वजांचे नसले आणि आपल्याच कुणाचे असले, तरी संपादक मंडळाकडे लिहून पाठवावे. पदक पाठवू नये, नाव पुरे. आणि घासू नये.